उसनी छाती

साळोख्यांच्या घरात त्या वर्षी चटणी आणि जाकीट एकाच आठवड्यात आलं, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

चटणी म्हणजे बाहेरगावच्या माणसाला वाटतं तसा ताटाच्या डाव्या बाजूचा पदार्थ नव्हे. कोल्हापुरात ती वर्षभराच्या आमटीची, रश्श्याची आणि घरातल्या बाईच्या अब्रूची बाब असते. ऊन तापलं की गल्लीतल्या बायका मिरची आणतात, देठं खुडतात, गच्चीवर वाळवतात आणि मग एकीच्या परसात मोठी कढई चढते. एव्हाना भाकरी थापणारी यंत्रं घरोघर आली होती, धुणं वाळत घालणारे हातसुद्धा बाजारात मिळू लागले होते, पण चटणीची मिरची अजून माणसालाच परतावी लागे. यंत्रं आणून पाहिली होती. मिरचीचा खकाणा उठला की ती घाबरून आगीची घंटा वाजवत आणि परस्पर बंबवाल्यांना बोलावत. दोनदा बंब आला, तेव्हा बायकांनी यंत्रं माळ्यावर टाकली.

ही कढई गेली कित्येक वर्षं विजयमाला साळोखे यांच्या परसात चढत होती. सगळी गल्ली त्यांना मालाकाकू म्हणे. मिरची किती परतायची, खोबरं कधी उतरवायचं, हे त्यांनी मान हलवल्याशिवाय ठरत नसे.

आणि जाकीट आलं ते दवाखान्यातून. मालाकाकूंच्या पोटावरचा जुना टाका, त्यांच्या लेकीच्या जन्माच्या वेळचा, आतून उसवला होता. त्यातून आतडं पुढं येऊन पोटावर एक मोठा फुगवटा तयार झाला होता. डॉक्टर त्याला हर्निया म्हणत, काकू त्याला ‘गाठोडं’ म्हणत. कळशी उचलणं सुटलं, खाली बसून उठणं सुटलं. आतडं तिथं अडकलं तर जिवावर बेतेल, हे त्यांना तीन डॉक्टरांनी सांगून झालं होतं. पण आधी लेकीचं लग्न होतं, मग दिवाळी आली, मग कुणाचंतरी बारसं निघालं. शेवटी त्यांचे यजमान प्रतापराव त्यांना रिक्षात घालून घेऊन गेले आणि दवाखान्याच्या दारात म्हणाले, “आता आत जातीस, का उचलून न्हेऊ?”

आत भूल देणाऱ्या डॉक्टर होत्या, आरिफा मुजावर. कोल्हापूरच्याच. त्यांनी काकूंना समोर बसवलं आणि टेबलावर एक राखाडी रंगाचं विणलेलं जाकीट ठेवलं.

“मावशी, चाकूची मला भीती नसते. ते काम सर्जन चोख करतात. माझी भीती पुढच्या दिवसांची असते.”

“पुढं काय हुतंय?”

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. पोट दुखतं म्हणून माणूस ऑपरेशननंतर वरवर श्वास घेतो. खोल श्वास गेला नाही की फुप्फुसाच्या तळाशी असलेले हवेचे बारीक फुगे मिटतात आणि एकमेकांना चिकटून बसतात. तिथं कफ साठतो, मग ताप, मग न्यूमोनिया. हृदयाचं निराळंच. शरीराच्या दृष्टीनं ऑपरेशन म्हणजे दोन-तीन दिवस न थांबता चाललेली धावपळ. नाडी चढलेली राहते. एखादी रक्तवाहिनी अरुंद असेल तर हृदयाच्या तेवढ्या भागाला रक्त पुरत नाही. पुन्हा वेदनेची औषधं चालू असतात, त्यामुळं छातीत दुखलेलं कळतही नाही. हृदयाला इजा होऊन जाते आणि माणूस पडल्या पडल्या सरबत मागत असतो.

“पूर्वी आम्ही विचारायचो, दोन जिने न थांबता चढता का? सगळे हो म्हणायचे. त्यावर गुण द्यायचे आणि ‘जोखीम मध्यम’ असा शेरा मारायचा. आता मध्यम म्हणजे काय, हे ना पेशंटला कळायचं ना आम्हाला.”

आता हे जाकीट होतं. त्याच्या काही धाग्यांना हृदयाची वीज कळे, काहींना श्वासाचा आवाज ऐकू येई, काही नुसते छाती किती फुगते ते मोजत. माणसानं ते आठवडाभर घालून नेहमीसारखं जगायचं. त्यावरून संगणक त्याच्या हृदयाची आणि फुप्फुसांची हुबेहूब नक्कल उभी करी. तिला दवाखान्यात ‘जुळी’ म्हणत, पुरुष असेल तर ‘जुळा’. मग खऱ्या माणसाच्या अंगाला हात लावण्याआधी जुळीचं ऑपरेशन करायचं, एकदा नव्हे तर हजार वेळा. कधी रक्त जास्त गेलं असं धरून, कधी भूल लांबली असं धरून, कधी ताप आला असं धरून. हजारातून किती वेळा हृदय अडखळलं आणि किती वेळा फुप्फुस मिटलं, ते मोजायचं. आकडा मर्यादेच्या वर गेला तर ऑपरेशन थांबवायचं, असा नियमच होता.

“आंघोळीला काढा. बाकी झोपा, उठा, भांडा, सगळं रोजच्यासारखं.”

“भांडायचं बी?”

“रोज भांडता ना?”

“त्याशिवाय ह्यांचा च्या गळ्याखाली उतरत न्हाई.”

“मग भांडा.”

काकूंना जाकीट पसंत पडलं. मऊ होतं, साडीच्या आत दिसतही नव्हतं. उठता उठता त्यांनी सहज विचारलं, “खोकला बी ऐकतंय व्हय हे?”

“सगळं ऐकतं,” डॉक्टर म्हणाल्या.

हे दोन शब्द काकूंच्या मनात रुतून बसले. शेजारच्या सरनाईक वहिनींच्या दिराला गेल्या वर्षी खोकल्यापायी ऑपरेशन न करता परत पाठवलं होतं. आणि दुसऱ्याच दिवशी परसात कढई चढायची होती.

मिरची परतताना खोकत नाही असा माणूस अजून जन्माला यायचा आहे. काकूंनी विचार केला, हे यंत्र त्यांच्या छातीची परीक्षा घ्यायला आलेलं, त्याला मिरचीतलं काय कळणार? त्याला वाटेल, बाईची फुप्फुसं कामातून गेलीत. झालं, नापास. मग सकाळी बायका जमल्या तेव्हा त्यांनी जाकीट काढून पलंगावर ठेवलं आणि पोटाला पट्टा आवळून परसात गेल्या.

कढई तापते न तापते तोच फोन वाजला. दवाखान्यातली तेजल नावाची पोरगी होती.

“मावशी, जाकीट अंगावर नाही दिसत.”

“आंगूळ करालेय बाई.”

“बरं. पण लगेच घाला हं. फार वेळ रिकामं राहिलं तर आठवडा पहिल्यापासून मोजावा लागेल.”

काकू फोन हातात धरून पलंगापाशी उभ्या राहिल्या. तिकडं परसातून सरनाईक वहिनी हाका मारत होत्या. तेवढ्यात प्रतापराव अर्धी चड्डी आणि गळ्यात शिट्टी अशा अवतारात बाहेर निघाले.

प्रतापराव साळोखे यांची ओळख करून द्यायची तर गोली एवढं सांगितलं तरी पुरे. जन्म लेथ मशीनवर गेला, पण ते ओळखले जायचे गोली म्हणून. तरुणपणी पेठेच्या संघाचा गोल त्यांनी सांभाळला होता आणि एका फायनलला शेवटची पेनल्टी हातानं नव्हे, छातीवर घेऊन अडवली होती. ही हकिगत माहीत नसलेला माणूस त्यांना भेटला की त्यांचा दिवस चांगला जाई. आता ते रोज सकाळी ग्राऊंडवर पेठेतल्या पोरींना फुटबॉल शिकवत.

“काय झालं?” त्यांनी विचारलं. काकूंनी सांगितलं.

“हात्तिच्या! आण हिकडं. मी घालतो.”

“तुम्ही?”

“तुझी चटणी हुईस्तवर माझ्या अंगावर. मी ग्राऊंडवरनं आलो की तुझ्या. त्याला काय कळतंय कुनाच्या अंगावर हाय? त्याला छाती धडधडल्याशी मतलब. आन माझी छाती म्हंजे...”

“व्हय, म्हाईत हाय. पेनल्टी.”

“तुला पैल्या नंबरानं पास करून आणतो का न्हाई बघ.”

आणि गंमत अशी की त्यांचं म्हणणं खरं होतं. काही वर्षांपूर्वी अशा यंत्रांमधली माहिती बाहेर फुटली होती. कुणाच्या छातीत काय आहे ते मालकांना कळून माणसांच्या नोकऱ्या गेल्या होत्या. त्यानंतर कायदा झाला. जाकिटानं हृदय मोजावं, पण ते कुणाचं आहे हे ओळखू नये. प्रत्येकाचं हृदय अंगठ्याच्या ठशासारखं वेगळं असतं आणि जाकिटाला ते सहज ओळखता आलं असतं, पण त्याला तशी मनाई होती. समोर येईल ती धडधड एकाच माणसाची, असं त्यानं निमूटपणे धरून चालायचं.

प्रतापरावांनी जाकीट अंगात चढवलं. वीण चांगली ताणत होती. वर बनियन घातला आणि स्वारी शिट्टी वाजवत बाहेर पडली.

चटणी झकास झाली. कढईभोवती बसून काकू मनसोक्त खोकल्या, शिंकल्या, डोळ्यांतून पाणी काढून हसल्या. गल्लीतल्या एकेका घराची चटणी व्हायची होती, म्हणून पुढचे काही दिवस हाच क्रम ठरून गेला. सकाळी जाकीट ग्राऊंडवर, दुपारनंतर काकूंच्या अंगावर. एवढं मात्र होतं की प्रतापराव परत आल्यावर लगेच आत येत नसत. पायरीवर बसून राहत, छातीच्या मधोमध तळहात चोळत.

“काय ओ?”

“पित्त. सोडा दे जरा.”

“पोरींच्या मागं पळताय ह्या वयात. पित्त न्हाई तर काय हुईल?”

“अगं, पळाल्याबिगर त्यास्नी शिकवू कसा?”

मग ते सोडा पीत, ढेकर देत, आणि जाकीट काढून अशा थाटात काकूंच्या हाती देत की जणू काही कपच जिंकून आणला आहे.

आठवडा संपला. निकालाच्या दिवशी काकू नवी साडी नेसून दवाखान्यात गेल्या. डॉक्टरांसाठी चटणीची बरणी पिशवीत होती. प्रतापराव बाहेरच थांबले. दाराशी नवा वॉचमन होता आणि त्याला पेनल्टीची हकिगत माहीत नव्हती.

डॉ. मुजावरांनी बरणी घेतली, पण उघडली नाही. पडद्यावर काकूंची जुळी होती. एक हृदय संथ आकसत होतं आणि दोन फुप्फुसं फुगत होती. काकूंना ते बघून स्वतःला आतून बघितल्यासारखं वाटलं आणि थोडं लाजल्यासारखंही झालं.

“मावशी, स्पष्ट सांगते. मला हे ऑपरेशन आता करता येणार नाही.”

“खोकल्यानं?”

“खोकला कुठं आहे? फुप्फुसं उत्तम आहेत. हृदयाचा प्रश्न आहे.” डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवलं. हृदयाचा पुढचा भाग नाडी चढली की निळा पडत होता. “हजारात शंभराच्या वर वेळा ह्या भागाला इजा होतीय. नुसतं ऑपरेशनच नाही, उद्या रस्त्यानं चालतानासुद्धा काहीही होऊ शकतं. आधी रक्तवाहिन्यांचा फोटो काढायला हवा. आज काढता आला तर आजच.”

काकूंना काहीबाही आठवलं. चटणीच्या बरण्यांना अजून फडकी बांधायची राहिली होती. लेकीला कसं सांगायचं? आणि ह्यांना तर चहासुद्धा धड करता येत नाही.

“एक मला कळत नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “दुपारी, रात्री तुमचं हृदय इतकं छान चालतं. सगळी गडबड सकाळची आहे. सकाळी तुम्ही काय करता? यंत्र म्हणतंय, तुम्ही पळता. थांबता, परत पळता. ह्या पोटानं तुम्ही पळता कशा?”

काकू पडद्याकडं बघत राहिल्या. सकाळी. पळतंय, थांबतंय, परत पळतंय.

आधी त्यांना सुटल्यासारखं वाटलं. हे आपलं नव्हे. पण पुरता श्वास घ्यायच्या आतच पुढची गोष्ट कळली. पडद्यावर निळं पडत होतं ते हृदय कुणाचं होतं, ते जगात त्यांच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. आपलंच असतं तर किती बरं झालं असतं, असं त्यांना खरोखर वाटलं.

“डॉक्टर, ती छाती माझी न्हवं,” त्या म्हणाल्या. “आमच्या ह्यांची हाय.”

आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. कढई, खकाणा, तेजलचा फोन, आंघोळीची थाप आणि पैल्या नंबराचं आश्वासन.

डॉ. मुजावर भडकल्या. “अहो मावशी, हे जाकीट आहे, परीक्षेचा सुपरवायझर नाही! तुमचा खोकला तर मला ऐकायचाच होता. कोरडा आहे की कफाचा, त्यात जोर किती, खोकून झाल्यावर श्वास किती लवकर जाग्यावर येतो, ह्यावरच फुप्फुसाची ताकद कळते. लपवायला नको ते लपवलंत, आणि आमच्या संगणकानं जगात नसलेली एक बाई तयार केली. सकाळी फुटबॉल शिकवते आणि दुपारी हर्नियानं कण्हते!”

एवढं बोलून त्यांना स्वतःलाच हसू फुटलं. पण ते फार टिकलं नाही. त्यांनी सकाळचे तास बाजूला काढून पुन्हा पाहिले आणि त्यांचा आवाज बदलला.

“काका कुठं आहेत?”

“भाईर. वॉचमनला पेनल्टी सांगालेत.”

“बोलवा त्यांना. पण पळत येऊ देऊ नका.”

प्रतापराव आले, ऐकलं आणि हसले. “मशिन बिघडलंय तुमचं. ह्या छातीवर पेनल्टी घेतलीय मी.” आणि उठून चालायलाच लागले. डॉक्टर बोलत राहिल्या, काकू हाका मारत राहिल्या, पण माणूस सरळ रिक्षात जाऊन बसला.

घरी काकूंनी ताट वाढलं. भाकरी, आमटी, भात. प्रतापरावांनी ताटाकडं बघितलं.

“चटणी?”

“न्हाई.”

“अगं, परसात सतरा बरण्या भरल्यात!”

“त्या जित्या माणसांसाठी हायत. तुम्ही मराया निघालाय.”

प्रतापरावांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरून ठेवला. काकू समोरच्या खुर्चीत बसल्या होत्या. त्या रडत नव्हत्या, पण त्यांचा चेहरा रडण्यापेक्षा अवघड झाला होता.

“पायरीवर बसून छाती चोळत हुता. मी सोडा देत हुते. सोडा!” त्या म्हणाल्या. “खरं सांगा. कवापासनं?”

प्रतापराव ताटाकडं बघतच बोलले, “दिवाळीपासनं. चढ आला की आवळून येतंय. थांबलं की जातंय.”

“आन बोलला न्हाई?”

“तुला टाळाया कारणच पायजे असतंय. माझं दुखालंय म्हटल्यावर तू गेली असतीस व्हय दवाखान्यात? म्हटलं, आधी तुझं हुं दे. मग बघू माझं.”

दोन वर्षं काकू घरासाठी आपलं ऑपरेशन टाळत आल्या होत्या, आणि हा माणूस त्यांच्या ऑपरेशनसाठी आपलं दुखणं दडवत आला होता. त्यांना नवऱ्याचा भयंकर राग आला आणि तितकीच मायाही आली. दोन्ही एकदमच आल्यामुळं डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

“आन मधेच त्या ग्राऊंडवर पडला असता म्हंजे? पोरींच्या म्होरं?” त्या म्हणाल्या. “मी काय करणार हुते चटणी घिऊन?”

प्रतापरावांनी तुकडा ताटात ठेवला. पोरींचं त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं.

“उठा. शर्ट घाला.”

“जेवून?”

काकूंनी पदरानं डोळे पुसले. उठल्या, आत गेल्या आणि चमच्याच्या टोकावर एवढीशी चटणी आणून त्यांच्या ताटात वाढली.

“जेवून,” त्या म्हणाल्या.

फोटोत निघालं ते असं की हृदयाला रक्त नेणारी मुख्य वाहिनी अगदी मुळाशी चिंचोळी झाली होती. तिथं बायपासच करायला हवं होतं. जाकीट पुन्हा घरी आलं, ह्या खेपेला उजळ माथ्यानं प्रतापरावांसाठी. ग्राऊंड बंद, जिना बंद, औषधं चालू. प्रतापराव जाकिटापुढं शहाण्यासारखं वागायला बघत, हळू बोलत, मोजून पावलं टाकत. काकू मुद्दाम भांडण काढत, का तर डॉक्टरांनी रोजच्यासारखं वागायला सांगितलं होतं. प्रतापरावांच्या जुळ्याची हजार ऑपरेशनं झाली. आकडा मर्यादेच्या जरासा वर होता, पण कुठं काय दुरुस्त करायचं हेही त्यानंच दाखवलं. थोडे दिवस फुप्फुसांना तालीम द्या, आकडा खाली येतो.

तालमीसाठी एक पारदर्शक नळकांडं मिळालं. त्यात तीन गोळ्या. नळीतून खोल श्वास ओढायचा आणि गोळ्या वर उचलून धरायच्या. प्रतापराव जन्मभर गोल अडवत आलेले, त्यांना हे उचलून धरायचं काम फारच आवडलं. पेठेतल्या पोरी ओट्यावर जमत आणि तिसरी गोळी वर टिकली की ‘गोल!’ म्हणून ओरडत. आकडा खाली आला. बायपास झाला. दुसऱ्या दिवशी डॉ. मुजावरांनी त्यांच्या छातीवर एक घट्ट उशी ठेवली आणि म्हणाल्या, “काका, ही आवळून धरा आणि खोका.”

“टाके तुटतील की!”

“नाही तुटत. खोकला म्हणजे फुप्फुसाचा झाडू आहे. झाडलं नाही तर कचरा साठतो.”

प्रतापरावांनी डोळे मिटले, उशी पेनल्टीच्या चेंडूसारखी छातीशी कवटाळली आणि खोकले. दोन आठवड्यांत ते घरी आले आणि महिन्याभरात चहा करायला शिकले. चहा वाईट होता, पण काकू तो पीत.

श्रावणात काकूंच्या ऑपरेशनचा नंबर लागला. तेजल जाकीट घेऊन घरी आली तेव्हा तिनं एक नवा प्रश्न विचारला, “घरात हे दुसरं कुणी घालणार आहे का?” हा प्रश्न आता प्रत्येक पेशंटला विचारला जाई आणि दवाखान्यात त्याचं नाव ‘साळोखे प्रश्न’ असं पडलं होतं. काकूंनी कानाला हात लावला. मग त्या आठवडाभर जाकीट घालून राहिल्या आणि रोज तव्यावर हिरव्या मिरच्या भाजून खर्डा केला. जाकिटाला ऐकायचंच होतं ना, मग ऐक म्हणावं. पोट धरून, डोळे पुसत, कसलीही चोरी न करता त्या खोकल्या. निकाल लागला. काकू पास.

ऑपरेशन नीट झालं. पण डॉ. मुजावरांची भीती पुढच्या दिवसांची होती, आणि ते दिवस आता सुरू झाले होते. काकूंच्या पलंगाच्या पायथ्याशी पडद्यावर जुळी होतीच. आता ती त्यांच्या एक दिवस पुढं जगत होती. काकू आज जसा श्वास घेत, त्यावरून त्यांच्या फुप्फुसांचं उद्या काय होईल ते ती आज दाखवी. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या उजव्या फुप्फुसाचा तळ करडा पडायला लागला होता.

“मावशी, हा भाग उद्या मिटणार बघा,” तेजल म्हणाली. “मग ताप आलाच म्हणून समजा. खोल श्वास घ्या आणि खोका.”

“न्हाई गं जमत. पोट फाटतंय.”

“उशी धरा.”

काकूंनी उशी धरली, तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. ज्या बाईनं मिरचीच्या कढईपुढं उभा जन्म काढला, तिला साधं खोकायचं धाडस होईना. त्यांना खरंच भीती वाटत होती. आतली शिवण पुन्हा उसवेल, सगळं पहिल्यापासून करावं लागेल, असं सारखं मनात येत होतं. पडद्यावरचा करडा भाग वर सरकत चालला होता.

प्रतापरावांनी खुर्ची पलंगाशी ओढली. येताना त्यांनी आपली जुनी उशी घरून आणली होती. ती छातीशी धरून ते म्हणाले, “माझ्याकडं बघ. मी केलंय हे. टाका तुटत न्हाई. मी तीन म्हटलं की दोघं बी खोकू. एक. दोन. तीन!”

प्रतापराव दणदणीत खोकले. काकूंनी नुसतं तोंड वेडंवाकडं केलं. पण काकूंच्या गळ्यापाशी लावलेल्या टिकलीएवढ्या यंत्रानं आवाज टिपला आणि पडद्यावर एक खोकला जमा झाला. प्रतापरावांनी विजयानं तिकडं बोट दाखवलं.

तेजल शेजारच्या पलंगापाशी उभी होती. ती तिथूनच ओरडली, “काका! त्यांच्या वाटणीचं तुम्ही खोकू नका! एकदा पास करून आणलंत तेवढं बास झालं!”

सगळा वॉर्ड हसला. प्रतापरावांचं तोंड गोल खाल्लेल्या गोलीसारखं झालं. ते तोंड बघून काकूंना हसू आलं, आणि हसू काही केल्या आवरेना. हसताना पोटात कळ आली, कळेसरशी त्यांनी उशी गच्च आवळली, आणि त्या हसण्याचाच ठसका लागून आतून, पार तळातून, एक खोकला वर आला. मागोमाग दुसरा आला. तिसऱ्याला कफ सुटला आणि काकूंनी लांब, खोल श्वास आत ओढला. दोन दिवसांत असा श्वास त्यांना मिळाला नव्हता.

शिवण जिथल्या तिथं होती. पडद्यावर जुळीच्या उजव्या फुप्फुसाचा तळ हळूहळू उघडत होता. प्रतापरावांनी काकूंचा हात धरला होता आणि ते पेनल्टीबद्दलसुद्धा एक अक्षर बोलत नव्हते.

काकूंनी डोळ्यांतलं पाणी पुसलं आणि तेजलला हाक मारली.

“ह्यो माझा हुता बरं का,” त्या म्हणाल्या. “ह्यो माझ्या नावावर लिही.”